सिमब्रीफ की लिटल नॅव्हमॅप?

इंदूरच्या सुदामानगरातून भाच्याचा प्रश्न आला: "मामा, विमान उडवायच्या सिम्युलेटरसाठी सिमब्रीफ घेऊ की लिटल नॅव्हमॅप?"

दोन्ही उड्डाणाची आखणी करून देणारी साधनं, आणि दोन्ही फुकट. फक्त सिमब्रीफच्या मोफत खात्यात हवाई मार्गांची माहिती जुनी असते. दर २८ दिवसांनी बदलणारी ताजी हवी, तर नॅव्हीग्राफ या कंपनीची वर्गणी भरावी लागते.

खरा फरक इंधनाच्या हिशोबात आहे. इंदूर ते मुंबई, म्हणजे विमानतळांच्या सांकेतिक नावांत व्हीएआयडी ते व्हीएबीबी, एअरबस ए३२० ने जायचं असं भरलं की सिमब्रीफ त्या वेळचा वारा धरून टॅक्सीचं (म्हणजे जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्याचं), प्रवासाचं, पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि राखीव इंधन वेगवेगळं मांडून देतं. तो कागद वाचता वाचताच खूप शिकायला मिळतं. लिटल नॅव्हमॅपला विमान किती पितं हे आधी सांगावं लागतं, किंवा उडताना त्याला ते नोंदवू द्यावं लागतं.

नकाशात मात्र लिटल नॅव्हमॅप सरस. ते सिम्युलेटरमधलेच विमानतळ वाचतं आणि आपलं विमान नकाशावर सरकताना दिसतं. मार्गाची रेघ माउसने ओढून वळवता येते. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. सिमब्रीफला इंटरनेट लागतंच.

सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन भोपाळपर्यंतचे साधारण १७० किलोमीटर खाली बघत जायचे असतील, तर लिटल नॅव्हमॅप घे. जेट विमान नियमाने उडवायचं असेल, तर सिमब्रीफ. तू अजून सेसनाच शिकतोयस, तेव्हा तुला लिटल नॅव्हमॅपच.