दहा महिने सांबा सर्व्हर: "दिसत नाहीये रे" ते "उघडतंय"

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या जुन्या असेम्बल डेस्कटॉपवर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, ४ टीबीच्या दोन डिस्क लावल्या आणि सांबा चालू केला; लिनक्सवरचे फोल्डर विंडोज, मॅकला नेटवर्कवरून उघडता यावेत यासाठीचा हा प्रोग्राम. घरात बाबांचा विंडोज ११ चा डेस्कटॉप, बायकोचं मॅकबुक, माझा उबुंटू लॅपटॉप आणि हॉलमधला टीव्ही. फोटो, पावत्या आणि बाबांचे सोसायटीचे कागद एका जागी राहावेत, एवढाच हेतू. सर्व्हर स्वतःहून आजवर एकदाही बंद पडलेला नाही. तरी "तुझा तो सर्व्हर दिसत नाहीये रे" हे मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही.

त्या "दिसत नाही"नेच मला पहिले दोन महिने चकवलं. विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत यंत्राचं नाव येणं वेगळं आणि त्या यंत्राशी जोडणी होणं वेगळं. पूर्वी ही यादी नेटबायोस (यंत्रांची नावं शोधायची जुनी पद्धत) आणि एसएमबी (नेटवर्कवर फायली वाटायची विंडोजची भाषा, सांबाही हीच बोलतो) हिच्या पहिल्या आवृत्तीच्या जिवावर चालायची. २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या प्रकरणात ती आवृत्ती पुरती बदनाम झाली. त्याच वर्षीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती सहसा येईनाशी झाली आणि पुढे सांबानेही ४.११ पासून ती मुळातच बंद ठेवली. आता विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या पद्धतीने यंत्रं शोधतं, मॅक बॉनजूरने. म्हणून सर्व्हरवर 'मी इथे आहे' असं पुकारणारे दोन वेगळे दवंडीवाले प्रोग्राम बसवावे लागले, विंडोजसाठी डब्ल्यूएसडीडी आणि मॅकसाठी अवाही. फायलींची खरी ये-जा होते ती ४४५ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या दारातून, आणि तिला दवंडीशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे तक्रार आली की मी आधी पत्त्याच्या पट्टीत सर्व्हरचा आकडी पत्ता \\१९२.१६८.१.५० टाकायला सांगतो. उघडलं, तर सर्व्हर ठणठणीत आहे, फक्त दवंडी पोचलेली नाही.

हा पत्ता पक्का राहावा म्हणून तो राउटरमध्ये सर्व्हरच्या नावे राखून ठेवायला हवा. मी ठेवला नव्हता. जूनमध्ये लाईट गेली, आली, आणि सर्व्हरला भलताच पत्ता मिळाला. दुसरी गंमत बेडरूममध्ये होती. रेंज वाढावी म्हणून लावलेला जुना राउटर तिथे १९२.१६८.०.x असं आपलं वेगळंच बिऱ्हाड मांडून बसला होता. मॅकबुक तिथे असलं की आकडे टाकून सर्व्हर उघडायचा, पण यादीत काही केल्या यायचा नाही. त्या राउटरचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं, वायर वॅनमधून (बाहेरच्या जोडणीचं भोक) काढून लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) भोकात घातली, आणि घर एक झालं.

पासवर्डचं प्रकरण बाबांच्या डेस्कटॉपवर घडलं. रोज चार आकडी पिन टाकून ते लॉगिन करतात, म्हणून सर्व्हरने पासवर्ड विचारल्यावरही त्यांनी पिनच टाकला. हा पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. शिवाय सांबाची पासवर्डची वही लिनक्सपेक्षा वेगळी असते आणि त्यात एसएमबीपासडब्ल्यूडी या आज्ञेने माणूस नव्याने नोंदवावा लागतो. ते केलं, तर १२१९ नंबरची चूक आली. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन नावांनी विंडोज जोडू देत नाही. आधी मी माझ्या नावाने घुसलो होतो ना! 'नेट यूज' या आज्ञेने जुनी जोडणी तोडली, विंडोज पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली नोंद पुसली, तेव्हा सुटलो.

टीव्हीवर दिसावेत म्हणून सिनेमांचा फोल्डर आळसाने बिनपासवर्डचा ठेवला होता. बाबांचं विंडोज ११ प्रो २४एच२ या आवृत्तीवर गेलं आणि तो फोल्डर त्यांना बंद झाला, कारण त्या आवृत्तीत पाहुणा म्हणून, म्हणजे बिनपासवर्डचं, कुठे शिरणं मुळात बंद असतं. नियम योग्यच आहे. मीही मग सगळ्यांना पासवर्ड लावले आणि टीव्हीला सिनेमे पुरवणारं मिनीडीएलएनए टाकलं.

वेगाबद्दल थोडक्यात. सेकंदाला ११ एमबीच्या वर काही जाईना, म्हणून मी महिनाभर सांबाच्या सेटिंगा पिंजत बसलो. शेवटी ईथटूल या आज्ञेने दाखवलं की जोडणीच १०० एमबीपीएसची (मेगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी) आहे. प्लग उघडून बघितला, तर वायर टाकणाऱ्याने आठपैकी केशरी आणि हिरव्या जोडीच्या चारच तारा दाबल्या होत्या, निळी आणि तपकिरी सरळ कापून टाकलेली. आठही तारा दाबून घेतल्यावर वेग ११० एमबीवर गेला.

आता ज्याने माझी रात्र खाल्ली ते. बायकोच्या बॅकअप डिस्कवरून मॅकवर आरसिंक (नसलेल्या किंवा बदललेल्याच फायली उतरवणारं साधन) चालवून फोटो सर्व्हरवर आणले. त्यातले बरेच मी आधीच उबुंटूवरून टाकलेले, त्यामुळे आरसिंक ते वगळेल ही अपेक्षा. सकाळी बघतो तर "दुसऱ्या दिवशीचे फोटो" नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी! एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर असतील कसे? "पायऱ्या", "कोऱ्या पावत्या" यांचंही तेच. "गणपती २०१९", "हळदीकुंकू" मात्र एकेकच. चहा निवेपर्यंत त्या नावांकडे बघत बसलो, मग पेटलं: दुप्पट झालेल्या प्रत्येक नावात ऱ होता. नावांचे बाइट, म्हणजे ती मुळात कशी साठवली आहेत ते आकडे, काढून पाहिले. उबुंटूवर टाइप केलेला ऱ हे एकच अक्षर, तर मॅकच्या एचएफएस प्लस या जुन्या मांडणीच्या डिस्कवर तोच 'र' आणि खालचा नुक्ता असा फोडून ठेवलेला. डोळ्यांना नाव एकच, लिनक्सच्या लेखी दोन. मजकूर ताडून जादा संच उडवला, उरलेली नावं कॉनव्हएमव्ही या साधनाने एका रूपात आणली आणि पुढच्या वेळेसाठी आरसिंकला नावांतल्या अक्षरांचं रूप बदलणारा आयकॉन्व्हचा पर्याय लावला. मॅकबरोबर आलेल्या आरसिंकला ते जमेना, म्हणून होमब्रू या मॅकच्या सॉफ्टवेअर भांडारातून नवं घेतलं. मराठीत फोल्डरांची नावं ठेवणाऱ्यांनी एवढं एक आधीच तपासा.

जुना स्कॅनर अजून बाहेरच आहे. त्याला एसएमबीची पहिलीच आवृत्ती येते आणि एका स्कॅनरसाठी ती उघडायची माझी तयारी नाही. त्याची स्कॅनं पेनड्राइव्हने येतात.

परवा ऑफिसात होतो, तेव्हा बाबांचा फोन आला. म्हणाले, "आकडे टाकून बघितलं, उघडतंय. नुसतं दिसत नाहीये. तू आलास की बघ, घाई नाही."