रोज चार अध्याय की आठवडाभर एकच स्तोत्र?

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, 1189 अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचले की वर्षभरात ते पूर्ण होते. या सवयीने सगळी गोष्ट सलग कळते. जुन्या करारातला इस्राएलचा पुढारी मोशे आठवतो, म्हणून नव्या करारातले इब्री लोकांस पत्र उलगडते. पण फेब्रुवारीच्या सुमारास लेवीय पुस्तकातले यज्ञविधी आले की अनेकांची गाडी अडते. मग मागे पडलेले अध्याय भरून काढताना डोळे नुसते ओळींवरून धावतात.

दुसरी वाट आठवडाभर बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या एकाच स्तोत्राची. सकाळी चहा उकळेपर्यंत मोठ्याने म्हणायचे, रात्री दिवा मालवण्याआधी पुन्हा. तेविसावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे. सोमवारी ते नुसते पाठ असते. गुरुवारी दवाखान्याच्या रांगेत बसल्यावर त्यातली अंधारी दरी खरी वाटू लागते, आणि सोबतचा मेंढपाळही. प्रार्थनेला शब्द सापडतात. धोका एवढाच, की माणूस आवडीच्या उताऱ्यांतच घुटमळतो. गरिबांवरच्या अन्यायाबद्दलचा आमोस संदेष्ट्याचा संताप कानांवर पडतच नाही.

नवख्याला मी स्तोत्रच सुचवेन. विश्वासात दहा वर्षे काढलेल्याने मात्र लेवीय टाळू नये. त्यातला प्रायश्चित्ताचा सोळावा अध्याय वाचल्याशिवाय येशूचा वधस्तंभ अर्धाच समजतो.