ट्रेड्स: वटाव झकास, घोडं अडतं मंजुरीपाशी

मोठ्या कंपनीला माल पोचला, बिल लागलं आणि 'पुढच्या आठवड्यात बघतो' सुरू झालं, की छोटा कारखानदार त्या कंपनीचा बिनव्याजी सावकार होतो. देशाच्या एकूण मूल्यवर्धनात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा वाटा सुमारे ३० टक्के धरतात. एवढा भार उचलणाऱ्यांना शनिवारच्या पगारासाठी मात्र सीसी खातं (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेने मंजूर केलेल्या मर्यादेत उचलायचं कर्ज) ओढावं लागतं. ट्रेड्स (ट्रेड रिसीव्हेबल्स डिस्काउंटिंग सिस्टिम), म्हणजे मुदतीआधीच बिलाचे पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच, हा त्यावरचा उपाय. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१७ मध्ये आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट हे तीन मंच सुरू झाले. आता नवे मंचही आलेत, पण कामाची पद्धत सगळीकडे जवळपास सारखीच.

बिल मंचावर चढवलं की त्याचं 'फॅक्टरिंग युनिट' होतं. खरेदीदार ते स्वीकारतो. मग बँका आणि एनबीएफसी (बिगर-बँक वित्तसंस्था) वार्षिक दराने बोली लावतात. पटेल ती बोली घेतली की वटाव (मुदतीआधी पैसे दिल्याबद्दलची कपात) कापून रक्कम साधारण एक-दोन कामकाजाच्या दिवसांत खात्यावर येते. मुदत भरली की पैसे खरेदीदाराच्या खात्यातून नॅचने (खात्यातून आपोआप पैसे वळते करणारी बँकांची यंत्रणा) वळते होतात. त्याचं खातं रिकामं निघालं, तरी बँक पुरवठादाराच्या दारात येत नाही. जुन्या पद्धतीच्या बिल डिस्काउंटिंगमध्ये पार्टीने पैसे थकवले की बँक ते परत पुरवठादाराच्याच खात्यातून ओढायची. इथे ती धास्ती नाही. निव्वळ याच कारणासाठी ही सेवा घेण्यासारखी आहे.

दरही बरा मिळतो, कारण बँक पुरवठादाराचा ताळेबंद बघत नाही, खरेदीदाराचं रेटिंग (पतमानांकन) बघते. समजा १० लाखांचं बिल आहे आणि मुदतीला ६० दिवस बाकी आहेत. ८ टक्क्यांची बोली आली तर वटाव १३,१५१ रुपये. तेवढेच पैसे तेवढेच दिवस ११ टक्क्यांच्या सीसीतून वापरले तर व्याज १८,०८२ रुपये. फरक ४,९३१ रुपयांचा. यातून मंचाचं शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वजा करून उरेल तो फायदा. लहान बिलांवर किमान शुल्क लागत असेल तर ते हा फायदा खाऊन टाकू शकतं, म्हणून नोंदणीआधी शुल्काचा तक्ता मागून घ्यावा.

आता खोट. सगळी मदार खरेदीदाराच्या एका क्लिकवर. ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना २०१८ मध्ये नोंदणीची सक्ती झाली आणि नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने ती मर्यादा २५० कोटींवर आली. पण सक्ती फक्त नोंदणीची. बिल अमुक दिवसांत स्वीकारलंच पाहिजे, असं बंधन त्यात नाही. त्यामुळे कागदोपत्री मंचावर असलेली कंपनी प्रत्यक्षात एकही बिल स्वीकारत नाही, असं होऊ शकतं. जिथे स्वीकारतात तिथेही स्टोअरचा जीआरएन (माल मिळाल्याची पावती) निघेपर्यंत अकाउंट्स हलत नाही. त्यात एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, अशी दुहेरी रचना असते. दुसरा माणूस रजेवर गेला की बिल तिथेच लटकतं.

रकमेचा घोळही नेहमीचाच. बिल ५,९०,००० चं, पण खरेदीदार टीडीएस आणि नाकारलेल्या मालाची वजावट करून त्याहून कमी रक्कम मंजूर करतो, आणि युनिट मूळ रकमेचंच असेल तर परत येतं. चढवण्याआधी निव्वळ देय रक्कम त्यांच्या अकाउंट्सकडून ईमेलवर घ्यावी. युनिटवरची देय तारीखही नीट बघावी, कारण वटाव त्या तारखेपर्यंतच्या दिवसांवर लागतो. ती पंधरा दिवस पुढे टाकली असेल तर खर्च मुकाट्याने वाढतो.

सीसी खातं असलेल्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळायची. येणी आधीच त्या बँकेकडे तारण असतात. बिल वटवण्यासाठी तिची ना-हरकत लागू शकते, आणि ती मिळवण्यातच महिना जातो. वटवलेलं बिल बँकेला दर महिन्याला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमधल्या येण्यांतून काढून टाकायचं असतं. ते राहिलं तर एकाच बिलावर दोनदा कर्ज उचलल्यासारखं होतं आणि ऑडिटमध्ये गाठ पडते. काढलं की ड्रॉइंग पॉवर (सीसीतून उचलता येणारी रक्कम) घटते, तेव्हा आलेले पैसे लगेच मशिनरीत घालू नयेत.

नोंदणीला उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी, बँक खात्याचा पुरावा, मालक-भागीदारांची केवायसी आणि सहीचा अधिकार देणारा ठराव लागतो. नाव सगळीकडे अक्षरशः एकच हवं. 'इंजिनिअरिंग' एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर 'इंजि.' असं असलं तर अर्ज फिरून येतो. खरेदीदार ज्या मंचावर असेल त्याच मंचावर आपणही असावं लागतं, म्हणून आधी त्याला विचारा आणि मग फॉर्म भरा.

गिऱ्हाईक आपल्यासारखंच छोटं, बिनरेटिंगचं असेल तर बोलीच येत नाहीत. तिथे या सेवेचा उपयोग शून्य. तिथे २००६ चा एमएसएमई कायदाच हाताशी असतो. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५, आणि त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला आयकरात प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. २०२३ च्या वित्त कायद्याने ही तरतूद आणल्यापासून मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात.

मोठ्या कंपनीशी बोलणी करायची वेळ मात्र पीओ (खरेदीची ऑर्डर) हातात येण्याआधीची. बिल ट्रेड्सवर किती दिवसांत स्वीकारणार आणि वटाव कोणी सोसायचा, या दोन ओळी तेव्हाच लिहून घ्याव्यात. माल गेटच्या आत गेल्यावर त्या कोणी लिहून देत नाही.