सड्यावरचं मशिन आणि माझे १,१९,१५० रुपये

नाव सांगत नाही. गावात आधीच पुरेशी शोभा झाली आहे. आकडे मात्र सगळे सांगतो, कारण ‘थोडेफार गेले’ म्हटलं की लोक ‘असू दे, अनुभव आला’ म्हणून मोकळे होतात. बुकिंगचे ११,०००. निम्मी किंमत पुरी करायला ७०,०००. गाडीच्या विम्याचे, म्हणे ‘परत मिळणारे’, १४,७५०. आणि नाक्यावर अडकलेल्या गाडीच्या दंडाचे २३,४००. बदल्यात मला एक पीडीएफ मिळालं.

फसवण्याची पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच. मोबाईलवरच्या जाहिरातीत बदली झालेला जवान स्वस्तात बुलेट विकतो, आगाऊ पैसे घेतो आणि बुलेट काही येत नाही, तीच ही. फक्त बुलेटच्या जागी बसून चालवायचं गवत कापायचं मशिन, राइड-ऑन मॉवर म्हणतात ते, आणि जवानाच्या जागी कुठलंसं बंद पडलेलं रिसॉर्ट. नवं मशिन तीन-साडेतीन लाखांच्या घरात, हे १,६२,००० ला. फुकट देतो म्हणाला असता तर मीही फोन ठेवला असता. पण किंमत अशी लावली होती की जुन्या मशिनची वाटावी.

ज्यांना हे श्रीमंती चाळे वाटतात, त्यांनी एक ऑक्टोबर आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, काढावा. नऊ एकर, आंब्याची तीनशेच्या आसपास कलमं, मधे कातळ, खाली वहाळाकडे उतार. पाऊस ओसरला की गवत कमरेएवढं, दिवाळीनंतर ते वाळतं, आणि मग मे संपेपर्यंत वणव्याची धास्ती. कुणीतरी गडग्यापलीकडे विडी टाकली की वीस वर्षांची कलमं होरपळतात. गडी मिळत नाहीत, मिळाले तर रोजाला ६०० आणि वर जेवण. खांद्यावर ग्रासकटर अडकवून दिवसभर फिरायचं माझं वय राहिलेलं नाही. म्हणून मशिन. हौस म्हणून नव्हे.

आधी मी रीतसर शहरातल्या दुकानात गेलो होतो, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं मी मोबाईल बघून भाळलो. त्या दुकानदाराने किंमत सांगायच्या आधी उतार विचारला, दगड किती विचारला, फोटो मागितला. आणि म्हणाला, ‘काका, हे तुमच्याकडे नाही चालणार.’ बहुतेक अशा मशिनच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं की १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर चालवू नका. उतारावर ते आडवं घालायचं नाही, वर-खाली चालवायचं, नाहीतर कलंडतं आणि माणूस खाली सापडतो. जागच्या जागी वळणारं झिरो-टर्न तर उतारावर आणखी घसरतं. पातं जमिनीलगत फिरतं, कातळाचं एक टोक वर आलेलं असलं की पातं वाकतं, त्याचा दांडाही वाकतो. त्यापेक्षा छोटा ट्रॅक्टर घ्या, मागे जाडं गवत कापणारं अवजार जोडा, आणि जिथे तो जाणार नाही तिथे ग्रासकटरच, असं त्याचं म्हणणं. मला वाटलं, हा मला ट्रॅक्टर खपवतोय. रागाने उठून आलो.

आणि फोनवरचा तो? उतार आहे म्हटलं, ‘चलेगा सर.’ दगड आहेत, ‘हेवी ड्यूटी है सर, चलेगा.’ कमरेएवढं गवत? ‘आराम से.’ व्हिडिओ पाठवला, तोसुद्धा गालिच्यासारख्या हिरवळीवरचा. जमिनीबद्दल एकही प्रश्न न विचारता जो होकार देतो, त्याला मशिन माहीत नसतं. त्याच्याकडे मशिनच नसतं. अनुदान मिळेल का विचारलं, तर ‘बिल लावा, मिळेल.’ महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, पूर्वसंमती मिळायच्या आधी घेतलेल्या अवजाराला अनुदान मिळत नाही, हे आमच्या शेजारच्या पोराला पाठ आहे.

पण जे खरं जिव्हारी लागलंय ते कोटेशन. ते माझ्या हातात होतं. प्रिंट काढून फाईलला लावलं होतं! वर पत्ता कोईम्बतूरचा, खाली जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, तमिळनाडूचे ३३. ०७ म्हणजे दिल्ली. मी स्वतः सोसायटीच्या हिशेबात हे क्रमांक वर्षानुवर्षं बघितलेत. त्या कागदावर बोट ठेवून मी बायकोला म्हणालो होतो, ‘बघ, जीएसटीसकट कोटेशन आहे.’ बोट नेमकं त्या ०७ वर होतं. जीएसटीच्या साइटवर तो क्रमांक टाकला असता तर कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसलं असतं. पुढे पैसे पाठवताना पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं, ते कंपनीचं नव्हे, कुणा बाईचं. विचारलं तर म्हणाला अकाउंटंट मॅडम. अकाउंटंटच्या खासगी खात्यात कंपनी पैसे घेत नाही. कधीच नाही.

आता कोणी म्हणेल, नाक्याचे २३,४०० तरी का दिले? अहो, ९५,७५० आधीच अडकले होते. मशिन रस्त्यात आहे असं वाटत होतं. तुम्हीही दिले असते.

त्यानंतरचं सांगतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार घेतली, पोच क्रमांक आला, ते खरं. पण तो मी दुसऱ्या दिवशी केला, आणि तोवर पैसे तीन-चार खात्यांतून पुढे गेले होते. तुम्ही करायचा तर त्याच तासात करा. आधी जावयाला, मग भाच्याला, मग वकिलाला विचारत बसू नका. बँकेत गेलो तर खुर्चीतला मुलगा न बघता म्हणाला, ‘पिन तुम्हीच टाकलाय ना?’ झालं त्यांचं काम. पोलीस ठाण्यात गेलो तर सायबरकडे जा, सायबरला गेलो तर ठाण्यात द्या. एकाने सांगितलं, खातं दुसऱ्या राज्यातलं, आमची हद्द नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. हे मी छापून नेलं, तेव्हा मला बसायला सांगितलं, आणि साहेब बंदोबस्ताला निघून गेले. एक हवालदार तर हसत म्हणाला, ‘काका, एवढ्या पैशांत किती गडी आले असते?’ शेवटी कुठल्याशा खात्यात माझे ६,२०० गोठवलेले सापडले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाने फी सांगितली ५,०००.

तीच जाहिरात परवा नव्या नावाने पुन्हा दिसली. हिरवळ तीच, मागे निळी टाकी तीच. या वेळी किंमत १,४८,०००.