कुंपणावरच्या अळ्या: फवारणी आत्ता, आठवड्याने की नकोच?

कुंपणाच्या झाडांवर अळी दिसली की पहिला प्रश्न असतो, "काय मारू?" माझं सांगणं असं की आधी "कधी" ते ठरवा, "काय" ते त्यातूनच ठरतं. जे औषध अळी लहान असताना चोख काम करतं, तेच दोन आठवड्यांनी निम्मंही काम करत नाही, आणि कोष झाल्यावर तर फवारा नुसता वाया जातो.

यामागचं कारण अळीच्या खाण्यात आहे. अंड्यातून निघाल्यापासून कोषात जाईपर्यंत अळी साधारण चार-पाच वेळा कात टाकते, आणि आयुष्यभरात जेवढं खाते त्यातलं बहुतेक शेवटच्या एक-दोन अवस्थांत खाते. म्हणून "एका रात्रीत झाड खाल्लं" असं वाटतं. मला तगरीच्या बाबतीत हेच वाटलं होतं. शेंडे बोडके झालेले, खाली फरशीवर मिऱ्यांपेक्षा मोठ्या, खाचा असलेल्या लेंड्या पडलेल्या. वर पाहिलं तर बोटाएवढी हिरवीगार अळी, डोक्यामागे निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके. कण्हेर-तगरीवर येणाऱ्या मोठ्या पतंगाची ती अळी. मी घाईघाईने फवारलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. त्या एव्हाना खाली उतरून कोष करायच्या बेतात होत्या. हाताने उचलल्या असत्या तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

आता पर्याय शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

अळी दिसण्याआधीच, कॅलेंडर बघून फवारायचं, हा पर्याय मला मुळीच पटत नाही. जैविक औषधं उन्हात काही दिवसांतच निकामी होतात, म्हणजे अळ्या निघेपर्यंत पानावर काहीच उरत नाही. पायरेथ्रॉइड गटातली रासायनिक औषधं जास्त टिकतात खरी, पण लेडीबर्ड भुंगेरे आणि अळीवर जगणाऱ्या गांधीलमाश्याही मारतात. मग पुढे मावा किंवा लाल कोळी उसळतो. आधी करण्यासारखं एकच काम आहे: पानं उलटून अंड्यांचे पुंजके शोधायचे आणि ते पान काढून टाकायचं. छाटणीनंतर फुटलेल्या कोवळ्या पालवीवर खास नजर ठेवा. ट्रायकोग्रामा या परजीवी गांधीलमाशीची कार्डं (त्यांवर ती वाढत असलेली अंडी चिकटवलेली असतात) लावणार असाल तर तीही अंडी असतानाच लावा. ती इवलीशी गांधीलमाशी दुसऱ्याच्या अंड्यात अंडी घालते, अळी निघाल्यावर तिला काही करता येत नाही.

अंडी फुटल्यानंतरचे पहिले सात-दहा दिवस हीच खरी वेळ. ती ओळखायची कशी? लहान अळी पान आरपार खात नाही, एका बाजूचा हिरवा थर खरवडते. पान उजेडात धरलं की कागदी खिडकीसारखे पारदर्शक ठिपके दिसतात. ते दिसले की त्याच संध्याकाळी फवारा.

या वेळेला बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूपासून बनवलेलं औषध) आणि कडुनिंब यांत निवड करायची झाली, तर मी बीटी घेतो. अळीने ते खावं लागतं. तिच्या पोटातल्या अल्कधर्मी रसात जीवाणूचं प्रथिन विरघळतं आणि आतड्याचं अस्तर फुटतं. काही तासांत खाणं थांबतं, मरण दोन ते पाच दिवसांनी येतं. मधमाश्यांना त्याचा त्रास नाही. मात्र १९०१ मध्ये जपानमध्ये हा जीवाणू सापडला तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांत, हे ध्यानात ठेवा. तुमच्या बागेतल्या फुलपाखरांच्या अळ्याही त्याने तशाच मरतात, म्हणून फक्त बाधित झुडपांवरच मारा. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन अळीचं खाणं कमी करतं आणि कात टाकणं बिघडवतं. परिणाम सावकाश होतो, वारंवार फवारावं लागतं. प्रादुर्भाव अगदी थोडा असेल तर ते पुरतं. दोन्ही औषधं पानाच्या खालच्या बाजूला पोहोचली पाहिजेत, आणि पाऊस येणार असेल तर थांबा.

अळ्या मोठ्या झाल्या असतील तर बीटीवर भिस्त ठेवू नका. हातमोजे घालून वेचा, केसाळ सुरवंट असतील तर चिमटा वापरा, जाळं केलेली फांदी सरळ कापा. कुंपण लांबलचक असेल आणि वेचणं शक्यच नसेल तर स्पिनोसॅड हे जीवाणूपासून मिळणारं कीटकनाशक मोठ्या अळ्यांवरही बऱ्यापैकी चालतं. पण ओला फवारा मधमाश्यांना घातक असतो. झुडूप फुलावर असेल तर ते मारू नका, नसेल तर अंधार पडताना मारा.

काहीच न करणं हाही एक पर्याय आहे, पण तो झाडावर अवलंबून आहे. तगर, कण्हेर यांसारखी जोमदार झुडपं एकदा बोडकी झाली तरी फुटतात. अळीच्या अंगावर तांदळासारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले तर ती मुद्दाम तशीच सोडा, त्यातून निघणाऱ्या गांधीलमाश्या पुढची पिढी आवरतील. बॉक्सवूड या बारीक पानांच्या सदाहरित कुंपणझाडाला मात्र थांबून चालत नाही. पूर्व आशियातला त्याचा पतंग २००७ मध्ये युरोपात पहिल्यांदा नोंदला गेला. त्याच्या अळ्या पानांबरोबर सालही खातात, आणि मग झाड मरू शकतं. त्या हिवाळा चिकटवलेल्या दोन पानांमध्ये काढतात. वसंताच्या सुरुवातीला खायला लागतात, तेव्हाच गाठा. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नरांना ओढणाऱ्या) नर पतंग येऊ लागले की पुढचे दोन आठवडे झुडूप आतून उघडून पाहत राहा. सापळ्याने फक्त वेळ कळते, अळ्या कमी होत नाहीत.

फवारण्याआधी एकदा पाय मोजा. पोटाखाली मांसल पायांच्या पाचपेक्षा जास्त जोड्या असतील तर ती पतंगाची अळीच नाही, सॉफ्लाय या गांधीलमाशीच्या नात्यातल्या माशीची आहे. तिच्यावर बीटी अजिबात चालत नाही.

फवारल्यावर अळ्या दोन दिवस जिवंत दिसतील. घाबरून दुसरं औषध मारू नका. झुडपाखाली पांढरा कागद अंथरा आणि सकाळी ताज्या लेंड्या पडल्यात का पाहा. चौथ्या दिवशीही पडत असतील तर पुन्हा एकदा फवारा, नाहीतर पंप धुऊन ठेवा.