कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या सशांचं पाणी: बाटली, वाडगा की विजेचं भांडं?

पहिल्या हिवाळ्यात मी बाटलीवर भरवसा ठेवला होता. सकाळी पिंजऱ्याशी गेलो, बाटली हलवून पाहिली, आत पाणी डुचमळत होतं. म्हटलं, चला, गोठलं नाही. सहज म्हणून नळीच्या टोकाचा छर्रा बोटाने दाबला, तर तो जागचा हलेना. मग नजर पाण्याच्या पातळीकडे गेली. काल संध्याकाळी होती तिथेच होती. बाटली भरलेली आणि ससा रात्रभर कोरडा.

नळी धातूची, तिच्यात पाणी जेमतेम काही थेंब आणि ती चहूबाजूंनी गार हवेत. बाटलीतल्या पाण्यावर साय धरायच्या आत नळी बंद पडते. त्यामुळे बाटलीला लोकरीचा मोजा घाला, फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळा नाहीतर विकतचं जाड कव्हर आणा, पांघरूण मिळतं ते पोटाला, तोंड उघडंच राहतं. रात्री पारा शून्याच्या जरासाच खाली जात असेल तर एवढ्यावर निभावतं. त्याखाली नाही. बाटली वापरायचीच असेल तर पाऊण भरा, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली तडकते. गुंडाळलेलं प्लास्टिक जाळीच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. आत दिसलं की ते कुरतडलं गेलंच म्हणून समजा.

वाडग्याला लोक नाकं मुरडतात: पेंढा पडतो, लेंड्या पडतात, ससा उलथवतो. सगळं खरं आहे. तरी निवड करायची तर मी वाडग्याच्या बाजूने. ससे उघड्या भांड्यातून मान खाली घालून सहज पितात, आणि पाणी गोठलं तर ते लांबूनही दिसतं. बाटलीसारखी फसवणूक नाही. उलथवण्यावर उपाय म्हणजे जड भांडं, आणि कचऱ्यावर उपाय म्हणजे ते विटेवर ठेवणं. विटेमुळे तळ गार जमिनीपासूनही सुटतो.

भांड्याचा आकार मात्र नीट पाहून घ्या. पसरट थाळीचं पाणी सर्वांत आधी गोठतं, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग मोठा. खोल आणि तोंडाला अरुंद भांडं बरंच जास्त टिकतं. शिवाय लठ्ठ माद्यांची गळ्याखालची लोंबती घडी त्यात बुडत नाही. थंडीत ती घडी ओली राहिली तर कातडी सडते. फक्त पाणी कमी झाल्यावरही सशाचं तोंड तळापर्यंत पोचायला हवं. चिनी मातीचं भांडं जड असतं, पण आत पूर्ण बर्फ झाला तर फुटू शकतं, आणि त्यावर उकळतं पाणी ओतलं तर हमखास. जाड काळ्या रबराचं भांडं दिसायला ओबडधोबड, पण पालथं करून पायाने दाबलं की बर्फाची वडी टप्पकन बाहेर पडते. अशी दोन भांडी आलटून पालटून वापरायची: एक बाहेर, एक घरात वितळायला.

‘मग कोमट पाणी घातलं की झालं,’ असं बरेच जण म्हणतात. थोडा हिशोब मांडू. एक लिटर पाणी 40 अंश सेल्सिअसवरून शून्यावर येताना सुमारे 168 किलोज्यूल उष्णता सोडतं. शून्यावरच्या त्या पाण्याचा पूर्ण बर्फ व्हायला आणखी 334 किलोज्यूल जावे लागतात. म्हणजे कोमट पाण्याने थोडा वेळ मिळतो, पण जास्त पाणी ठेवल्याने त्याहून अधिक. आणि 25 वॅटचं विजेचं भांडं तासाला 90 किलोज्यूल देतं, म्हणजे कोमट पाण्याची सगळी कमाई ते दोन तासांत भरून काढतं आणि पुढे रात्रभर देतच राहतं.

म्हणून रोज आठ-दहा तास घराबाहेर असणाऱ्याने आणि कडक थंडीत राहणाऱ्याने विजेच्या भांड्याला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये. त्यात थर्मोस्टॅट असतो. तो पाणी गरम करत नाही, फक्त गोठू देत नाही. घेताना पहिल्यांदा वायर बघायची. तिच्यावर पोलादी स्प्रिंगचं वेष्टण हवंच, सशाच्या दातांपुढे साध्या वायरचा टिकाव लागत नाही. जोडणी पावसाबर्फापासून झाकलेली आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या ब्रेकरवर हवी. तापणाऱ्या बाटल्याही मिळतात. ऊब नळीपर्यंत पोचत असेल तरच त्यांचा उपयोग. आणि वीज जाते हे गृहीत धरून शेजारी एक साधा वाडगा असू द्या.

पिंजऱ्यापर्यंत वीज नसेल तर घरातल्या मायक्रोवेव्हमध्ये तापवायची चकती वाडग्याखाली ठेवता येते, काही तास निघतात. थर्माकोलच्या खोक्याला वाडग्याएवढं भोक पाडून तो आत बसवला तरी फरक पडतो, पण थर्माकोल उघडा ठेवू नका, वर लाकडी फळी हवी. पाण्यावर तरंगता चेंडू सोडायची युक्ती वारा असेल तेव्हा हलक्या थंडीत जराशी चालते. मिठाच्या पाण्याची बाटली तरंगत ठेवण्यात अर्थ नाही: ती स्वतः उशिरा गोठते, भोवतालच्या पाण्याला ऊब देत नाही.

पिण्याच्या पाण्यात मीठ, साखर, ग्लिसरीन काहीही घालू नका. गाडीचं अँटीफ्रीझ तर त्या आवारातही नको, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करतं. ‘बर्फ चाटतील की’ हेही सोडून द्या. तो वितळवायला अंगाचीच ऊब खर्ची पडते.

एवढा काथ्याकूट कशासाठी, तर सशाला किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 150 मिलिलिटर पाणी लागतं, आणि हिवाळ्यात सगळा आहार वाळल्या गवताचा असेल तर ते पिऊनच भरून काढावं लागतं. पाणी तुटलं की ससा आधी गवत सोडतो, मग आतडं मंदावतं, आणि आतडं थांबलेला ससा म्हणजे त्याच दिवशी पशुवैद्य.

ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जागे असतात, तेव्हाच खाणंपिणं जोरात चालतं. त्यामुळे या दोन्ही वेळी घरी असणाऱ्याला दोन रबरी भांडी आणि कोमट पाणी पुरतं. माझं तेच चालतं, रात्री झोपण्याआधी एक जास्तीची फेरी धरून. फार कडक थंडीचे आठवडे असतील तर पिंजराच वारा न लागणाऱ्या, न तापवलेल्या शेडमध्ये हलवा. गॅरेज चालेल, पण तिथे गाडी सुरू करायची नाही. रात्री उबदार खोलीत आणि सकाळी पुन्हा बाहेर, अशी रोजची ने-आण मात्र नको. हिवाळी लोकर अंगावर असताना ते त्यांना सोसत नाही.