बूट-दांडीचा ब्रेस: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

लेकाचं डावं पाऊल जन्मतःच आत वळलेलं. क्लबफूट. दर आठवड्याला एक अशी सहा प्लास्टरं झाली, मग टाचेमागची ताठ नस सैल करायला बारीकसा छेद, त्यावर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. पाऊल सरळ दिसलं आणि आम्हाला वाटलं, सुटलो. तेव्हा हा ब्रेस हातात आला: दोन बूट, मध्ये खांद्यांइतकी रुंद दांडी. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार-पाच वर्षांचा होईपर्यंत झोपेत.

ही वस्तू पाऊल सरळ करत नाही, ते काम प्लास्टरचं. ही त्याला परत वळू देत नाही, बस. डावा बूट ७० अंश बाहेर, उजवा ४०. चांगल्या पायाला कशाला छळता, असं घरात सगळ्यांनी विचारून झालं. अहो, दुसरा बूट नसेल तर दांडी धरणार कशाला?

बूट मऊ आहे, आतलं अस्तर चांगलं. पण विकणाऱ्यानं पट्टे कसे आवळायचे ते दाखवलंच नाही. पहिल्याच आठवड्यात टाचेवर फोड. मग कळलं, ढिला बूट जास्त घासतो. गुडघा वाकवायचा, टाच खाली दाबायची, मधला पट्टा आधी घट्ट करायचा, बाकीचे नंतर. आतल्या तळव्यावर बोटं पोचतात तिथं मी पेनानं रेघ मारली. बोटं रेघेच्या मागे दिसली, की समजायचं टाच वर सरकली. बुटाला मागं टाच बघायला भोक आहे, पण रात्री दोन वाजता मोबाइलच्या उजेडात रेघच कामाला येते.

दांडी मात्र उघडी, नुसता धातू. माझ्या बरगडीला विचारा. शेवटी सायकलच्या हँडलचा फोम गुंडाळला.

दात येताना तो फार रडायचा, म्हणून आठ-दहा रात्री आम्ही ढिलाई केली. नंतर टाच बुटात बसेचना. पुन्हा दोन प्लास्टरं. तो दोष ब्रेसचा नाही, आमचा.

आता दीड वर्षाला टेकलाय. झोपायच्या वेळी स्वतःच पाय पुढे करतो, पण उजवा. मला अवघड पाय आधी उरकायचा असतो, त्यामुळे रोज रात्री आमचं त्यावरून वाजतं.